पाचव्या दिवशी पाणी

कंपनीचा पोरगा म्हणाला, सगळं पाण्यापासूनच होतं.
दिवसा गच्चीवरचं ऊन पाणी फोडणार,
निघालेला वायू टाकीत जाऊन बसणार,
रात्री लाईट गेली
की त्याचीच पुन्हा वीज.

राजमणीअत्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या,
कुठलं पाणी?

साखर पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो. कधी सहाव्या.
परवा पहाटे अडीचला आला,
झोपेत भरलेली घागर मी झोपेतच सांडली.
पोरगा पुण्याचा. त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

स्फोटाचं विचारलं ते शिवलिंगप्पांनी,
वरच्या खोलीतल्या भाडेकरूंनी.
बॉम्बातला तोच ना हा?
तो वेगळा, काका. हा हलका, गळला तरी वर निघून जातो.
वर म्हणजे?
उन्हाळ्यात गच्चीवर मीच झोपतो.

ह्यांना हवं होतं ते फक्त मागासाठी.
लाईट गेली की माग जिथल्या तिथे थांबतो
आणि परत सुरू झाला की टॉवेलावर आडवी रेघ उमटते.
व्यापाऱ्याचं नख ती बरोबर शोधतं,
डझनामागे चाळीस रुपये कापतं.
बावीस वर्षं त्या रेघा आमच्याच घरात राहिल्या,
आम्हीच त्यांनी अंग पुसलं.
एक मला महिन्यासकट आठवते:
मे, चव्वेचाळीस डिग्री, भार्गवीला कांजिण्या,
पंखा बंद,
आणि मी तोच टॉवेल ओला करून
तिला वारा घालत होते.

रोज अडीच लिटर लागेल, पोरगा म्हणाला. शुद्ध.
अत्यांनी बोटांवर मोजलं.
म्हणजे माझी विडीची पानं भिजवायचं पाणी,
वर चहाचं.
मशीनला शुद्ध, आणि आम्हाला?

तरी बसलं. तीन महिने फुकट होतं म्हणून बसलं.
गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या काळ्या टाकीशेजारी,
जाऊबाई आल्यासारखं.
अत्यांनी हळदकुंकू लावलं, कापूर काढला.
कापूर नको, आजी, पोरगा घाईने म्हणाला.
शिवलिंगप्पांनी माझ्याकडे पाहिलं.
दुसऱ्या दिवसापासून त्यांची गादी जिन्यात.

गुरुवारी रात्री नऊला लाईट गेली.
गल्लीतले माग एकेक करून नाही, एकदम थांबले,
कानावर कुणी हात ठेवावा तसे.
आणि त्या शांततेत आमचा एकटा
खटक खटक खटक.
समोर नसीमाभाभी उंबऱ्यात येऊन बसली.
काही बोलली नाही. पदराने वारा घेत ऐकत राहिली.
हे हसत होते, कापडावरून हात फिरवत होते,
रेघ नाही, बघ, रेघ नाही.
मी दार थोडं लोटून घेतलं.
अभिमानाने का लाजेने, अजून ठरत नाही.
मग उघडलं, आणि आपली वायर तिच्या पंख्याला पुरेल का
ते ह्यांना विचारलं.
हे म्हणाले, माग थांबेल.

त्या मशीनला मागे एक नळी आहे.
वीज देताना ती घाम गाळते, थेंब थेंब.
पोरग्याने सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं
आणि आम्ही बॉम्बाचंच ऐकत होतो.
मी खाली स्टीलचा तांब्या ठेवला.
सकाळी तो अर्ध्याच्या वर भरलेला.
अत्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.
चवच नाही, म्हणाल्या,
आणि सगळं पानांवर शिंपडलं.
पानं मऊ पडली. कात्री नीट चालली.
दिवसभर त्यांनी मशीनबद्दल वाईट शब्द काढला नाही,
चांगलाही नाही.

तीन महिन्यांनी पोरगा परत आला, हातात कागद.
एक ते पाचमध्ये सांगा, किती समाधानी?
हे म्हणाले चार.
शिवलिंगप्पा जिन्यातूनच म्हणाले, मला विचारू नका.
अत्या धागा बांधत होत्या.
माझ्याकडे वळून त्याने पेन उघडलं,
मला नसीमाभाभीचा पदर दिसला, तांब्या दिसला,
मी तोंड उघडलं

आणि मोरीतल्या नळाने घसा खाकरला.
आधी नुसती हवा येते, फुस्स, फुस्स, मग पाणी.
आम्ही सगळे उठलो.
पोरग्याच्या हातातही कुणीतरी घागर दिली.